बाभळीची साल आणि बाभळीचा काटा: उन्हाळा, पायताण आणि पायांचे आजार

१/
भाईंदर पूर्वेचे नवघर आज बहुतेकांना गजबजलेल्या रस्त्याचे नाव म्हणून ठाऊक आहे. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन होण्यापूर्वी हे खाडीकाठचे गाव होते आणि या साऱ्या पट्ट्याची ओळख मिठागरांची होती. (वसई खाडीपलीकडे माणिकपूरच्या शेजारी आणखी एक नवघर आहे. जुने कागद चाळताना दोहोंची गल्लत सहज होते.) या मिठागरांत माणसे भर उन्हाळ्यात अनवाणी काम करीत. महाराष्ट्रात पायात काय घातले गेले, काय घातले गेले नाही आणि त्यामुळे पायांचे काय झाले, हा या धाग्याचा विषय. #इतिहास #धागा

२/
मीठ पिकते ते उन्हावर. पावसाळा संपला की बांध दुरुस्त होतात, भरतीचे पाणी आत घेतले जाते आणि ते एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवीत आटवले जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ खाली बसू लागते तोवर हे पाणी बोमे मापकावर सुमारे २५ अंशांपर्यंत दाट झालेले असते. ऊन जितके कडक, तितके पीक चांगले. म्हणून कामाचा खरा जोर मार्च ते मे या महिन्यांत आणि मृगाचा पाऊस पडण्याआधी मीठ ओढून ढीग शाकारण्याची घाई.

३/
कोंडीचा तळ चिखल तुडवून, चोपून घट्ट केलेला असतो. त्यावर वहाण घालून चालले तर तळ फुटतो आणि मिठात माती मिसळते. शिवाय कातड्याची वहाण दाट खाऱ्या पाण्यात काही दिवसांतच निकामी होते. ओली असताना फुगते आणि वाळली की लाकडासारखी कडक होऊन पायालाच कापते. म्हणजे येथे अनवाणी राहणे हा केवळ दारिद्र्याचा भाग नव्हता. त्या काळी उपलब्ध असलेले कोणतेही पायताण या जमिनीच्या कामाचे नव्हते. आगरी समाजाचे नावच ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते. त्यांच्या आणि पुढे पालघर-डहाणूकडून येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या पायांनी हे काम केले.

४/
दाट खारे पाणी कातडीतील ओलावा शोषून घेते. तळव्याची कातडी जाड आणि राठ होते, टाचांना खोल भेगा पडतात, मिठाच्या स्फटिकांनी बारीक जखमा होतात आणि रोज त्याच पाण्यात पाय असल्याने त्या भरत नाहीत. चालून चालून कोरड्या पडलेल्या पायांच्या या भेगांना सुश्रुतसंहितेत ‘पाददारी’ असे स्वतंत्र नाव आहे. कोकणात त्यांवर घरगुती उपाय कोकमाच्या तेलाचा. ते गरम करून भेगांत भरायचे आणि रात्रभर ठेवायचे. उपाय चांगला आहे, पण सकाळी तेच पाऊल पुन्हा कोंडीत उतरणार असेल तर त्याचा उपयोग किती होणार?

५/
कच्छच्या छोट्या रणातील अगरियांविषयी असे सांगितले जाते की, त्यांचे पाय मिठाने इतके कडक होतात की चितेवरही जळत नाहीत. ही कथा वृत्तपत्रे मोठ्या चवीने छापतात. तिच्यातील नवलामुळे एक साधा प्रश्न मागे पडतो, की या पायांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळायला इतका काळ का लागला? १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने सरकारने मिठाचे उत्पादन, साठवण आणि वाहतूक बारकाईने बांधून टाकली होती. ज्या खात्याला मिठाचा मण अन् मण मोजता येत होता, त्याच्या लेखी मजुराचे पाऊल ही मोजण्याची वस्तू नव्हती.

६/
खाडी सोडून घाट चढले की जमीन बदलते आणि धोकाही बदलतो. देशावरच्या माळावर उन्हाळ्यात तापलेली माती असते, खडे असतात आणि बाभळी असतात. बाभळीचा पांढरा, सरळ, दोन-दोन इंचांचा काटा सुकून जमिनीवर पडला की दगडासारखा कडक होतो. मिठागरात अनवाणी पायाची किंमत भेगांत मोजली जाई. माळावर मात्र कधी कधी सबंध पाऊल द्यावे लागे. हे पाऊल का जाते, याचा शोध मुंबईत लागला. तो लावणाऱ्या माणसाचे नाव वैद्यकाचे विद्यार्थी वेगळ्याच कारणाने ओळखतात.

७/
हेन्री व्हॅनडाइक कार्टर, जन्म १८३१, इंग्लंडमधील हल. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथातील आकृत्या त्याच्या हातच्या. पुस्तक पुढे ग्रेच्या नावाने अमर झाले आणि चित्रकार मागे राहिला. पुस्तक दुकानात आले त्याच वर्षी कार्टर मुंबईत पोहोचला होता. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. शेजारीच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय होते. तेथे कच्छ-काठेवाडपासून दख्खनपर्यंतचे रुग्ण येत. त्यांतल्या काहींची पावले पाहून तो थबकला.

८/
पाऊल दुपटी-तिपटीने सुजलेले. कातडीवर अनेक गाठी, प्रत्येक गाठीला तोंड आणि त्या तोंडांतून पाझरणाऱ्या पुवात बारीक कण. काहींत बंदुकीच्या दारूसारखे काळे, काहींत माशाच्या गाभोळीसारखे फिकट. दुखणे फारसे नसे. म्हणूनच माणूस वर्षानुवर्षे त्याच पायावर शेतात राबत राही आणि रुग्णालयात येई तेव्हा आतली हाडे मधाच्या पोळ्यासारखी पोखरलेली असत. इलाज एकच, पाय कापणे.

९/
या रोगाचे वर्णन १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यातील गिल नावाच्या डॉक्टराने केले होते. पुढे १८४६ मध्ये कोलब्रुकने त्याला ‘मदुरा फूट’ म्हटले. नाव गावाचे, कारण अज्ञात. कार्टरने कापलेली पावले चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि १८६० च्या आसपास असे मांडले की, ते कण म्हणजे शरीराचा मळ नसून बाहेरून आत शिरलेली बुरशी आहे. रोगाला त्याने ‘मायसेटोमा’ म्हणजे बुरशीची गाठ असे नाव दिले. आजही तेच चालते.

१०/
येथे काळाचा क्रम ध्यानात ठेवायला हवा. लुई पाश्चरचे जंतूंविषयीचे प्रयोग तेव्हा नुकते सुरू झाले होते आणि रॉबर्ट कॉखचा क्षयाचा जंतू यायला अजून दोन दशके होती. माणसाचा एखादा खोलवरचा आजार सूक्ष्म सजीवामुळे होतो, हे विधान भायखळ्याच्या रुग्णालयातून, एका शेतकऱ्याच्या पायावरून केले जात होते.

११/
कार्टर सर्वस्वी बरोबर होता असे नाही. त्याच्या नमुन्यांवर वाढलेल्या गुलाबी बुरशीला इंग्लंडमधील तज्ज्ञ बर्कली यांनी त्याच्याच नावावरून ‘कायोनिफे कार्टेराय’ असे नाव दिले. ती बुरशी रोगाची नव्हती, नमुन्यावर नंतर वाढलेली होती. फिकट कणांच्या प्रकारात बहुधा बुरशी नसून जिवाणू असतात, हेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. पण रोग बाहेरून येतो, कणांत राहतो आणि पायात वाढतो, हा गाभा टिकला. १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. १८७४ मध्ये त्याचा या विषयावरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. चित्रे अर्थात त्याचीच.

१२/
बाहेरून म्हणजे कोठून? मातीतून, काट्याच्या टोकावर बसून. अनवाणी पायात काटा रुततो, मोडतो, माणूस तो उपसून टाकतो आणि विसरतो. कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, तेथे गाठ येते. शेतकरी, मेंढपाळ, लाकूडतोडे हे या रोगाचे नेहमीचे बळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. कार्टरच्या शोधानंतर दीडशे वर्षांनी.

१३/
एक आडवळण. सुश्रुताने तळहात-तळपायांवर होणारा, वारुळासारखा अनेक तोंडांचा ‘वल्मीक’ नावाचा विकार सांगितला आहे. तो मायसेटोमाच होय, असे अनेक लेखक ठामपणे लिहितात. वर्णन जुळते खरे. परंतु अनेक तोंडांची सूज इतर रोगांतही असते आणि कण दिसल्याशिवाय निदान होत नाही. ‘आमच्याकडे आधीच होते’ या आनंदात पुराव्याची पायरी गाळू नये. ‘कदर’ म्हणजे खडे-काटे टोचून होणारे कुरूप, ही सुश्रुताची नोंद मात्र निःसंदिग्ध आहे. चरकसंहितेत पादत्राण वापरणे डोळ्यांना आणि पायांच्या कातडीला हितकर म्हटले आहे. म्हणजे पायताण आरोग्यासाठी घालावे, हे ज्ञान नवे नव्हते.

१४/
मग लोक अनवाणी का होते? पहिले उत्तर किमतीचे. गावगाड्यात ढोर समाज कातडे कमावी आणि चांभार समाज वहाणा शिवी. बदल्यात खळ्यावर धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, मिळे. पण त्याच कातड्याची मोट होई, आसूड होई, बैलांचे साज होत. विहिरीवरची मोट फाटली तर पीक जाई, कुणब्याची वहाण फाटली तर काटा टोचे. प्राधान्य कशाला मिळत असेल हे सांगायला नको. घरात वहाणांचा एखादाच जोड असला तर तो बाजाराला किंवा जत्रेला जाण्यासाठी राखून ठेवला जाई. हातात वहाणा घेऊन अनवाणी चालत येणारा आणि गावाच्या वेशीवर त्या पायात घालणारा पाहुणा हे आजोबा-पणजोबांच्या आठवणींतले परिचित चित्र आहे.

१५/
दुसरे उत्तर परवानगीचे. दलितांनी वरच्या जातींच्या वस्तीतून जाताना पायताण काढून हातात घ्यावे, ही सक्ती देशाच्या अनेक भागांत होती. जो समाज अवघ्या गावाच्या वहाणांसाठी मेलेले जनावर ओढी, कातडे कमावी आणि शिवी, त्याच्यावर स्वतः वहाण घालण्याचे बंधन! स्त्रियांची गोष्ट वेगळी, पण दिशा तीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईत पायांत बूट आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने जाणारी शिकलेली स्त्री ही टवाळीचा विषय होई. उन्हापासून बचाव करणाऱ्या दोन वस्तू, आणि दोन्ही पुरुषी प्रतिष्ठेची चिन्हे. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण वहाणेबद्दल नाही, माणसांच्या पायरीबद्दल आहे, हे लक्षात घेतले की वैशाखातल्या भाजलेल्या तळव्यांचा हिशेब वेगळा दिसू लागतो.

१६/
याच समाजात संतांच्या पादुका डोक्यावर घेतल्या जातात, पालखीत बसवून पंढरपूरला नेल्या जातात. पायताण एकाच वेळी सर्वांत पूज्य आणि सर्वांत अपवित्र. हा विरोधाभास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

१७/
आता प्रत्यक्ष वहाणेकडे. कोल्हापुरी म्हणून आज जी ओळखली जाते ती एका जिल्ह्याची नाही. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. कातडे कमावले जाते ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून. म्हणजे ज्या झाडाच्या काट्याने पाऊल जाई, त्याच झाडाच्या सालीने पाऊल वाचवणारा तळ तयार होई. माळावरच्या माणसाला हे कोणी सांगावे लागले नसेल.

१८/
आरोग्याच्या नजरेने तिची रचना पाहण्यासारखी आहे. तळ जाड, अनेक थरांचा, काट्याला दाद न देणारा. शिवण कातडी वादीची, खिळा एकही नाही. वरून उघडी, त्यामुळे घाम साचत नाही आणि वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले कातडे तो थोडाफार शोषूनही घेते. उणिवाही आहेत. टाचेला पट्टा नाही, तळव्याच्या कमानीला आधार नाही आणि नवी वहाण चावते. म्हणूनच तिला तेल पाजायचे, आठवडाभर घरातल्या घरात वागवायचे आणि मग रस्त्यावर आणायचे, अशी रीत पडली. पावसाळ्यात ती वापरायची नाही, हेही ठरलेले. उन्हाळ्याचे हे पायताण त्याच ऋतूसाठी घडले होते. (२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखी सँडल दिसल्यावर झालेला गदारोळ वाचकांना आठवत असेल. त्या सगळ्या चर्चेत पाय हा शब्द क्वचितच आला.)

१९/
उघडे पायताण चांगले की बंद बूट? याचे एक महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्राच्या शेजारूनच आले. कर्नाटकातील राव आणि जोसेफ या दोन अस्थितज्ज्ञांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. त्यांचा निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. सर्वाधिक प्रमाण पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत, त्याहून कमी सँडल-चपलावाल्यांत आणि सर्वांत कमी अनवाणी मुलांत. १९०५ मध्ये हॉफमन या अमेरिकी डॉक्टरानेही अनवाणी आणि बूटवाल्या समाजांच्या पावलांची तुलना करून बंद बूट बोटांना चेपतात असे दाखवले होते. एप्रिलच्या उकाड्यात मुलांना कातडी बूट-मोजे घालायला लावणाऱ्या शाळांनी हे आकडे पाहायला हरकत नाही.

२०/
मात्र या आकड्यांवरून ‘अनवाणीच उत्तम’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पावलाची कमान घडणे ही एक गोष्ट आणि काटा, काच, तापलेले डांबर यांपासून कातडी वाचणे ही दुसरी. कार्टरच्या रुग्णांच्या पावलांच्या कमानी कदाचित उत्कृष्ट असतील. त्या कापलेल्या पायांबरोबर गेल्या.

२१/
विसाव्या शतकाने चित्र पालटले ते कातड्याने नव्हे, रबराने. १९३४ मध्ये कलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले आणि कारखान्यात तयार झालेले स्वस्त पायताण देशभर पोहोचू लागले. पुढे जपानी ‘झोरी’च्या घाटाची रबरी हवाई चप्पल आली. जुन्या टायरच्या तळाच्या चपलाही बाजारात होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत या चपलेला ओळभरही जागा नसते. पण पायताण घेण्यासाठी बलुत्याची किंवा जातीची मध्यस्थी लागत नाही, पैसे टाकून दुकानातून जोड उचलता येतो, हा बदल लहान नव्हता. कोट्यवधी पाय पहिल्यांदा जमिनीपासून अर्धा इंच वर आले.

२२/
तिच्या मर्यादाही लवकरच कळल्या. बाभळीचा काटा हवाई चपलेतून आरपार जातो, हे गावाकडच्या माणसाला ठाऊक आहे. म्हणून रानात जाताना टायरची, फिरायला हवाई. झिजलेला तळ घसरतो. चप्पल पायातून निसटू नये म्हणून बोटे सतत तिला धरून ठेवतात. २००८ मध्ये अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखवले की, अशा चपला घालून चालताना पावले आखूड पडतात. दिवसभर असे चालले की पोटऱ्या आणि टाचा दुखतात. समुद्रकिनाऱ्यावर घालायची वस्तू लोकलच्या पुलांवरून रोज तासभर चालण्यासाठी वापरली जाते, तेव्हा दोष चपलेचा मानावा की वापराचा?

२३/
येथवरच्या साऱ्या कथेत एक गोष्ट गृहीत आहे. काटा टोचला की कळते. चप्पल चावली की माणूस ती काढतो. वेदना हीच पायाची पहिली राखणदार. ती नसेल तर?

२४/
पुन्हा कार्टर. मुंबईत त्याने दुसऱ्याही एका रोगाचा पाठपुरावा केला, कुष्ठरोगाचा. या रोगात नसा जाड होऊन बिघडतात आणि कातडी बधिर होते, हे त्याने १८६० च्या दशकातच शवविच्छेदनातून नोंदवले. पुढे रजेच्या काळात तो नॉर्वेला गेला, हान्सेनचे काम पाहिले आणि १८७४ मध्ये तेथील कुष्ठधामांविषयी भारताच्या संदर्भात अहवाल लिहिला. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय १८९० चे. ते उभे राहण्याच्या दोन वर्षे आधी कार्टर निवृत्त होऊन परत गेला होता. पण नसा बधिर झाल्यावर पाय का झडतात, याचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. मांस सडते, असेच सारे मानीत.

२५/
ते उत्तर पॉल ब्रँड यांनी दिले. जन्म १९१४, तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यविशारद. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्याचे मांस इतरांच्या मांसासारखेच असते आणि तितक्याच चांगल्या रीतीने भरून येते. जखम होते ती बधिरपणामुळे. चपलेत वर आलेला खिळा, आत अडकलेला खडा, पट्ट्याची कड हे काहीच कळत नाही आणि माणूस त्याच जागेवर हजारो पावले टाकत राहतो. म्हणजे रोग पायात होताच, पण पाय जाण्याचे कारण बऱ्याचदा चपलेत होते. खिळ्याऐवजी वादीने शिवलेली वहाण किती शहाणपणाची होती, हे येथे येऊन पटते.

२६/
त्यातून मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचे पायताण जन्माला आले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एमसीआर’. आत दाब पसरवणारा मऊ थर, खाली काटा-काच अडवणारा टणक तळ, खिळा नाही, टाचेला पट्टा. वेल्लोर आणि जवळचे करिगिरी येथे त्याच्यावर काम झाले आणि तेथून ते देशभरच्या कुष्ठसेवेत गेले. महाराष्ट्रात वर्ध्याची गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान आणि वरोऱ्याचे आनंदवन ही त्या काळातील दोन मोठी नावे. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि भारतातील पायांवर शिकलेली गोष्ट तेथे मधुमेहींच्या पायांना लागू झाली. बधिरपणा तोच, कारण वेगळे.

२७/
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी ज्यांच्या नसा बधिर झाल्या आहेत, त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा उन्हाळा हा मिठागर आणि माळ या दोहोंचा वारस आहे. हवा ४० अंशांवर गेली की डांबर आणि फरशी ६० अंशांपलीकडे तापते. नवस म्हणून सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाणारा, देवळाच्या तापलेल्या दगडी आवारात प्रदक्षिणा घालणारा, वाळूत चप्पल हातात घेणारा माणूस घरी येतो आणि संध्याकाळी तळव्याला फोड पाहतो. पोळल्याचे त्याला कळलेलेच नसते. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायांच्या बाबतीत हाच मुद्दा अनेक वर्षे लावून धरला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत आणि टांझानियात डॉक्टर व परिचारिकांना पाय तपासायला शिकवणारा जो उपक्रम झाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. सांगणे साधे होते: उन्हात आणि घरातही अनवाणी चालू नका, दोन बोटांमध्ये खुंटी असलेली चप्पल टाळा, टाचेला पट्टा असू द्या, घालण्यापूर्वी हात घालून आत काही आहे का ते पाहा, आणि रात्री तळवे आरशात बघा.

२८/
एमसीआर चपलेच्या वाटेत सर्वांत मोठा अडथळा वैद्यकीय नव्हता. तिचा काळा, जाड तळ दुरून ओळखू येई. ती पायात दिसली की गाव समजे, हा कुष्ठरोगी आहे. रुग्ण केंद्रातून चप्पल घेत, वेशीपाशी ती काढून पिशवीत ठेवीत आणि साधी चप्पल किंवा अनवाणी पाय घेऊन घरी जात. काही महिन्यांनी जखम घेऊन परत येत. वेशीवर वहाण पायात घालणारा तो जुना पाहुणा आणि वेशीवर ती काढणारा हा रुग्ण, दोघेही गावाच्या नजरेसाठी चालत होते. पुढे कार्यशाळांनी रंग बदलले, पट्ट्यांचे घाट बाजारातल्या सँडलसारखे केले, तळ वरून दिसू नये अशी कड शिवली. आज त्याच रबराच्या चपला मधुमेहींसाठी म्हणून दुकानात मिळतात, आणि विकत घेणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते की त्या प्रथम कोणाच्या पायांसाठी घडल्या.